तानसाच्या काठावर एक रविवार

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात, १९८४च्या दहावीच्या बॅचतर्फे केलेले भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे 'शाळेच्या आठवणी'. शाळेत मी मॉनिटर होतो. 'गप्प बसा' याखेरीज वर्गासमोर उभं राहून दुसरं काही बोलायची मला सवय नाही. तेव्हा दहाची वीस मिनिटं झाली तर सांभाळून घ्या. आणि आठवणींऐवजी मी तुम्हाला एका सहलीची गोष्ट सांगणार आहे. आठवणी तिच्यातच आल्या आहेत.

आपल्या बॅचचा ग्रुप झाल्यापासून दर महिन्याला एक ठराव होतो, की कुठेतरी जाऊ या. गोवा होतं, महाबळेश्वर होतं, एकदा तर सिंगापूरही झालं. सगळं फोनवर. कुणाचे गुडघे, कुणाची नातवंडं, कुणाची साखर. शेवटी जानेवारीत एकीने लिहिलं, "लांब कशाला जायचं? मला तानसा बघायचाय. एका दिवसात होईल. डबे घरचे." त्यावर बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग एकाने विचारलं, "तानसाला बघण्यासारखं काय आहे?" तिचं उत्तर आलं, "पाणी."

ही मैत्रीण आपल्याबरोबर दहावीला नव्हती. नववीत तिची शाळा सुटली. चाळीस वर्षं तिचा पत्ता नव्हता. दोन वर्षांपूर्वी आपल्याच एका मैत्रिणीला ती ठाण्याच्या बाजारात भेटली आणि ग्रुपवर आली. आज ती इथे बसली आहे. ही गोष्ट सांगायला तिने मला परवानगी दिली, पण एका अटीवर. ती म्हणाली, "नाव घ्यायचं नाही. तू माझं नाव खूप वेळा लिहिलंयस." अट का घातली ते पुढे कळेलच.

शेवटी आम्ही पाच जण निघालो. मी, ही मैत्रीण, रेल्वेतून निवृत्त झालेला आपला मित्र, पाणी खात्यात तीस वर्षं चावीवाला म्हणून काम केलेला दुसरा मित्र, आणि आपल्या भूगोलाच्या बाई. बाईंना विचारावं की नाही यावर आमच्यात चर्चा चालली होती. बाईंचं वय शहात्तर. विचारलं तर म्हणाल्या, "मी येणारच आहे. तुम्ही कोण कोण येताय तेवढं सांगा."

मार्चअखेरचा रविवार. सकाळी सहाला नाहूर स्टेशनात जमलो. आपण शाळेत होतो तेव्हा नाहूरला स्टेशनच नव्हतं, आठवतंय? भांडुपला नाहीतर मुलुंडला उतरायचं आणि तंगडतोड करायची. पूर्वेला मिठागरं, पश्चिमेला आग्रा रोड आणि त्यापलीकडे डोंगर. कारखान्याच्या भोंग्यावर घरातली घड्याळं लावायची. आता नाहूरला सरकता जिना शोधणारे लोक आहेत आणि त्यांत मीही आहे.

स्लो गाडीने ठाणे आणि तिथून कसारा लोकल. कल्याण गेलं की गाडीचा सूर बदलतो. शहाड, आंबिवली, टिटवाळा, खडवली, वाशिंद, आसनगाव. रेल्वेतला मित्र स्टेशन येण्याआधीच नाव सांगत होता, जणू गाडी तोच चालवतोय. आसनगावजवळ डावीकडे माहुलीचा किल्ला दिसला. त्याचे सुळके सकाळच्या उन्हात तांबूस झाले होते. पुढचं स्टेशन आटगाव. तिथे उतरलो. सुट्टीचा दिवस, पण उतरणारे फार तर वीस जण. स्टेशनबाहेर चहा आणि गरम वडापाव झाला, आणि एक जीप ठरवली. महामार्ग ओलांडताना बाईंनी विचारलं, "हा कोणता रस्ता?" आम्ही म्हणालो, "नाशिक हायवे." बाई म्हणाल्या, "अरे, हा आग्रा रोड. आपल्या नाहूरवरनं जातो तोच. नावं बदलली म्हणून रस्ता बदलत नाही." म्हणजे ज्या रस्त्याच्या कडेने आपण दप्तर घेऊन चालायचो, त्याच रस्त्याने आम्ही इथवर आलो असतो. फक्त चाळीस वर्षं कुणी पुढे गेलं नव्हतं.

आटगावहून तानसाचा रस्ता जंगलातून जातो. साग, ऐन, मोह. पळसाची शेवटची फुलं झाडावर होती. मोह नुकता गळायला लागला होता आणि झाडाखाली बायका आणि पोरं टोपल्यांत फुलं वेचत होती. वाटेत एका ठिकाणी रस्त्याच्या कडेला जाडजूड काळे पाइप लागले. चावीवाल्या मित्राने जीप थांबवायला लावली, खाली उतरला आणि पाइपवर हात ठेवून म्हणाला, "ही आपलीच. खिंडीपाड्याला जाते ती." आम्ही सगळे उतरलो आणि पाइपला हात लावून आलो. जीपवाला आमच्याकडे बघत राहिला.

तुमच्यापैकी जे पश्चिमेला राहायचे त्यांना ती पाइपलाइन नक्की आठवत असेल. आपल्या उंचीपेक्षा जाड पाइप. त्याच्यावरून चालायची शर्यत लागायची. उन्हाळ्यात गाल टेकवला तर गार लागायचा. कान लावला तर आत सतत घरघर ऐकू यायची. आपल्याला वाटायचं ती पाइपलाइन म्हणजे आपल्या भागाची हद्द. ती कुठून येते हा प्रश्न मला तरी कधी पडला नाही.

तलाव एकदम दिसत नाही. झाडी विरळ होते, रस्ता वळतो आणि समोर पाणी उघडतं. पहिल्यांदा जाणवते ती शांतता. आपल्याला तळ्याकाठची सहल म्हणजे ठाण्याचं मासुंदा नाहीतर पवई. बोटी, भेळ, फुगे. इथे यातलं काहीही नाही. हे अभयारण्य आहे, पिण्याचं पाणी आहे, वनखात्याचे आणि पालिकेचे नियम आहेत. धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय जाता येत नाही, पाण्यात उतरता येत नाही, आणि ते योग्यच आहे. आम्ही जिथे बसू देतात तिथे, एका मोठ्या झाडाच्या सावलीत चादरी पसरल्या. मार्च असल्यामुळे पाणी मागे गेलं होतं. कडेला भेगाळलेल्या चिखलाचा पट्टा, मग निळं पाणी, पलीकडे डोंगर. एका वाळलेल्या खुंटावर पाणकावळा पंख पसरून उन्हात बसला होता. खंड्या मधूनच सूर मारत होता. पहिली पंधरा मिनिटं आम्ही पाच जण काहीही बोललो नाही. आपल्या बॅचसाठी हा विक्रम आहे.

मग बाईंनी तास घेतला. खरंच घेतला. म्हणाल्या, "सांगा, मुंबईला पाणीपुरवठा करणारे तलाव किती?" चावीवाल्याने हात वर केला. छप्पन वर्षांचा माणूस, हात वर करून बसला! "सात," तो म्हणाला. "विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, ऊर्ध्व वैतरणा, भातसा, मध्य वैतरणा." बाई म्हणाल्या, "आपण शिकलो तेव्हा मध्य वैतरणा नव्हतं. बस खाली."

तुम्हालाही थोडक्यात सांगतो, कारण तो तास फार चांगला झाला. विहार १८६०चा, तुळशी १८७९चा. दोन्ही आपल्या घरामागच्या डोंगरात. पण मुंबई वाढत गेली आणि ते पुरेनात. म्हणून शहर पाण्यासाठी पहिल्यांदा एवढं लांब, शहापूर तालुक्यात आलं. तानसाचं धरण १८९२ साली पुरं झालं. दगडी भिंत, लांबी सुमारे पावणेतीन किलोमीटर. त्या वेळचे व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन उद्घाटनाला आले होते. पुढे १९५७ साली वैतरणेवर धरण झालं, ते पालिकेचे अभियंता एन. व्ही. मोडक यांच्या नावाने ओळखलं जातं. तेच मोडकसागर. तानसाचं वैशिष्ट्य म्हणजे इथलं पाणी उताराने चालत येतं. पंप लागत नाही. तलाव उंचावर, आपण खाली. चावीवाला म्हणाला, "बाई, तानसात पूर्ण भरल्यावर वापरण्याजोगं पाणी किती, तर १४,५०८ कोटी लिटर. सातही तलावांच्या साठ्याचा दहावा हिस्सा. मुंबईला रोज ३,९०० दशलक्ष लिटरच्या आसपास लागतं. म्हणजे हा एवढा मोठा तलाव एकट्याने शहर सदतीस दिवस चालवेल." आम्ही सगळ्यांनी त्या पाण्याकडे बघितलं. नजर पोचत नव्हती, आणि सदतीस दिवस!

मैत्रीण या सगळ्या वेळात काही बोलली नाही. ती उठून चिखलाच्या कडेपर्यंत गेली, उकिडवी बसली आणि बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. परत आली आणि म्हणाली, "इथनं येत होतं होय ते."

आता मला माझ्याबद्दल सांगायला हवं.

आपली शाळा सकाळची, सातची. प्रार्थना सुरू झाली की फाटकाचं दार अर्धं लागायचं. उशिरा येणाऱ्याचं नाव मॉनिटरने वहीत लिहायचं. तीन वेळा नाव आलं की पालकांना आणायचं. पालक आले नाहीत तर वर्गाबाहेर व्हरांड्यात उभं राहायचं. सातवी ते नववी ती वही माझ्याकडे होती. माझं अक्षर चांगलं होतं आणि माझं घड्याळ बरोबर होतं. माझ्या वडिलांनी एचएमटीचं घड्याळ मला स्कॉलरशिप मिळाली म्हणून दिलं होतं. त्या घड्याळाचा मला भारी अभिमान.

त्या वहीत सर्वांत जास्त वेळा नाव आलं ते हिचं. सात वाजून पाच. सात वाजून आठ. सात वाजून चार. एकदा सात वाजून एक मिनिट, आणि तेही मी लिहिलं. ती यायची तेव्हा फ्रॉकचा, नंतर परकराचा घेर गुडघ्यापर्यंत ओला असायचा. वर्गात हसायचे. मी हसायचो नाही, कारण मी मॉनिटर होतो. मी लिहायचो.

ती राहायची खिंडीपाड्याच्या बाजूला, पाइपलाइनला लागून असलेल्या वस्तीत. आज ती वस्ती नाही. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पाइपलाइनपासून दहा मीटरच्या आतली घरं काढली. त्या वेळी तिथे नळ नव्हता. पाइपलाइनच्या व्हॉल्व्हच्या तोंडाशी पाणी झिरपायचं, तिथे पहाटे चारपासून डबे लागायचे. घरातली मोठी मुलगी ती. सहा डबे भरायचे, घरी पोचवायचे, आणि मग आग्रा रोड ओलांडून अर्धा तास चालत शाळा. हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. ते तितकंसं खरं नाही. पाइपवरून शर्यत लावताना मी त्या बायकांची रांग बघितली होती. एकदा तीही दिसली होती. पण पाइपवर चालणं ही एक गोष्ट होती आणि उशिराची वही ही दुसरी. दोन्हींचा एकमेकांशी संबंध असेल असं माझ्या डोक्यात आलं नाही. किंवा आलं असेल आणि मी ते जाऊ दिलं असेल. चाळीस वर्षांनी नक्की सांगता येत नाही.

नववीच्या दिवाळीनंतर ती शाळेत आली नाही. मी वहीत तिच्या नावापुढे काही लिहिलं नाही, कारण उशिराची वही होती, न येणाऱ्यांची नव्हती.

तर त्या दिवशी तलावाकाठी. डबे उघडले. बाईंच्या तिखटमिठाच्या पुऱ्या, रेल्वेवाल्याच्या घरचा पुलाव, मैत्रिणीने आणलेली तांदळाची भाकरी, लसणाची चटणी आणि बाईंपासून थोडं लांब ठेवलेलं सुकट. प्रत्येकाजवळ विकत घेतलेली पाण्याची बाटली. जेवताना बाईंच्याच लक्षात आलं. त्या म्हणाल्या, "तानसाच्या काठावर बसून आपण बाटलीचं पाणी पितोय." सगळे हसलो.

जेवण झाल्यावर पुरुष मंडळींनी चादरीवर ताणून दिली. मला झोप आली नाही. बघतो तर वरच्या पायवाटेने दोन बायका आणि एक मुलगी हंडे घेऊन चालल्या होत्या. मुलगी बारा-तेरा वर्षांची असेल. एकीचा हंडा उतरवलेला होता आणि परत डोक्यावर चढवायला दुसरीचा हात मोकळा नव्हता. आम्ही दोघं तिघं धावलो. मी हंड्याला हात लावला तर पाणी हिंदकळून माझ्या बुटांवर सांडलं. त्या बाईने काही म्हटलं नाही, पण हंड्याकडे बघितलं. तेवढ्यात मैत्रीण आली. तिने मला बाजूला केलं, चुंबळ नीट बसवली, एका गुडघ्यावर हंडा टेकवला आणि एका झटक्यात त्या बाईच्या डोक्यावर चढवला. एक थेंब सांडला नाही. साठीला आलेली बाई! ती म्हणाली, "हात विसरत नाहीत."

मग ती त्यांच्याबरोबर चालायला लागली, आणि मागून मी. त्या बायका जवळच्या पाड्यावरच्या. मैत्रिणीने विचारलं, "विहीर किती लांब, बाय?" "हाय की खालती. तळाला गेलीय." "आणि टँकर?" "येतो दिवसाआड. कधी येतो, कधी नाय. भावलीचं पाणी येणार म्हणतात. बघू." मैत्रिणीने त्या मुलीला विचारलं, "कितीला उठतेस?" मुलगी म्हणाली, "चारला." मैत्रिणीने पुढे विचारलं, "शाळेत वेळेवर पोचतेस का?" मुलगी नुसती हसली.

परत आल्यावर मी बाईंना विचारलं, "बाई, एवढ्या तलावाच्या काठावर टँकर कसा?" बाईंनी फळा असता तर आकृती काढली असती. त्या म्हणाल्या, "पाऊस इथे भरपूर पडतो, पण खाली काळा कातळ. जमिनीत मुरत कमी, वाहून जास्त जातं. वाहून जातं ते धरणात. धरणातलं पाणी शहरासाठी राखलेलं. पाडे उंचावर, तलाव खाली. आपल्याकडे उताराने येतं, त्यांना चढावर न्यावं लागतं. तानसा, वैतरणा, भातसा, तिन्ही या तालुक्याच्या अंगाखांद्यावर आहेत आणि उन्हाळ्यात टँकरही याच तालुक्यात. आता भावली धरणातून, म्हणजे इगतपुरीकडून, इथल्या गावांना पाणी आणायची योजना आहे." मग थोडं थांबून म्हणाल्या, "हे मी तुम्हाला वर्गात शिकवलं नाही. तलाव किती, कोणत्या साली, एवढंच शिकवलं. पुस्तकात तेवढंच होतं."

तेव्हा मैत्रीण म्हणाली, "बाई, तानसाचा धडा मी व्हरांड्यातून ऐकलाय. तुम्ही आत सांगत होतात आणि मी बाहेर उभी होते. 'तानसाचं पाणी मोठ्या नळांतून भांडुपच्या डोंगराकडे येतं' असं तुम्ही म्हणालात. मला वाटलं, अरे, हे तर आपल्या दारातलं. सकाळी मी भरून आले ते हेच. आत येऊन सांगावंसं वाटलं होतं."

कुणी काही बोललं नाही. मी आठवत होतो की त्या दिवशी मी आत पहिल्या बाकावर बसलेलो असणार, आणि मला तानसा हा परीक्षेत एका मार्काचा प्रश्न होता.

मी तिची माफी मागितली. नीट जमलं नाही. "त्या वहीचं मला वाईट वाटतं" असं काहीतरी म्हणालो. ती म्हणाली, "तू खोटं कुठे लिहिलंस? उशीर तर व्हायचाच." मी म्हणालो, "एक मिनिटाचाही लिहिला." त्यावर ती म्हणाली, "तो मात्र माझ्या लक्षात आहे." आणि हसली. मग तिने सांगितलं की शाळा त्या वहीमुळे सुटली नाही. आई आजारी पडली, मागे धाकटी दोघं होती. वडील रात्रपाळीला, ते सकाळी शाळेत येणार कसे? पुढे लग्नानंतर तिने रात्रशाळेतून दहावी केली. पंचवीस वर्षं अंगणवाडीत शिकवलं. ती म्हणाली, "माझ्या अंगणवाडीत उशिरा आलेल्या पोराला मी आधी पाणी द्यायचे, मग कारण विचारायचे."

बाई इतका वेळ पाण्याकडे बघत होत्या. त्या मला म्हणाल्या, "तू एकटाच माफी मागू नकोस. त्या वहीवर दर शनिवारी मी सही करत होते."

उन्हं कलल्यावर आम्ही निघालो. पाणी तांबडं झालं होतं. बगळे थव्याथव्याने परत येत होते. चावीवाला मित्र म्हणाला की २०१४ साली याच जंगलात रानपिंगळा दिसला होता. हा पक्षी शंभरहून जास्त वर्षं कुणाला दिसला नव्हता, लोक त्याला संपला असं धरून चालले होते, आणि १९९७ साली तो नंदुरबारकडे सापडला. आम्ही त्याला शोधला, अर्थातच दिसला नाही. रेल्वेवाला म्हणाला, "आपल्याला चाळीस वर्षांनी एक सापडली तेवढी पुरे." मैत्रिणीने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

येताना रिकाम्या बाटल्या आम्ही पिशवीत भरून परत आणल्या. कसारा लोकलमध्ये बाईंना खिडकी मिळाली. ठाण्याला गाडी बदलली, नाहूरला उतरलो तेव्हा साडेआठ झाले होते. घरी आलो, हातपाय धुवायला नळ सोडला. रोज सोडतो तसाच. त्या दिवशी तो लवकर बंद केला. रोज करतो असं म्हणणार नाही, पण आठवण येते.

मंडळी, ही झाली सहल. पाच माणसं, लोकलचं तिकीट, जीपचं भाडं आणि घरचे डबे. सिंगापूरपेक्षा बरंच स्वस्त. इतकी शांत जागा आपल्यापासून अडीच-तीन तासांवर आहे आणि तिचं पाणी रोज आपल्या घरात येतं, तरी आपण कधी गेलो नव्हतो. शांतता खरी आहे, मी तिची जाहिरातच करतोय. फक्त जाल तेव्हा पायवाटेकडेही बघा.

दोन गोष्टी सांगून थांबतो.

पहिली. बॅचतर्फे शाळेला काय भेट द्यायची यावर ग्रुपमध्ये अजून भांडण चालू आहे. पंखे की प्रोजेक्टर. ते ठरेल तेव्हा ठरेल. पण मी मागच्या आठवड्यात मुख्याध्यापिका बाईंना भेटलो आणि एक बिनपैशाची विनंती केली. उशिराची वही आजही आहे. मी बघितली. नाव, वर्ग, वेळ असे तीनच रकाने आहेत, आपल्या वेळी होते तेच. मी विचारलं, चौथा रकाना आखता येईल का, 'कारण' असा? मुलाला विचारून मॉनिटरने लिहायचं. बाई म्हणाल्या, "खोटी कारणं सांगतील." मी म्हणालो, सांगू देत. शंभरात नव्वद खोटी असतील. उरलेली दहा कुणीतरी वाचायला हवीत. बाईंनी वही माझ्यापुढे केली आणि पट्टी दिली. पहिलं पान मीच आखून आलो. माझं अक्षर अजून चांगलं आहे.

दुसरी. पुढची सहल दिवाळीनंतर, तलाव भरलेला असताना. बाई येणार आहेत. त्या पाड्यावरही जायचं आहे, मैत्रिणीने त्या मुलीला वह्या द्यायचं कबूल केलं आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी आजच नावं द्या. नावं तिच्याकडे द्यायची. तिसऱ्या रांगेत, निळ्या साडीत बसली आहे, आणि आता माझ्याकडे डोळे वटारून बघते आहे. माझ्याकडे देऊ नका. मी आता नावं लिहीत नाही.

आणि नाहूर स्टेशनात सकाळी सहाला जमायचं आहे. उशीर झाला तर थांबू.